आधी विश्व, मग अलाइनमेंट: डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मोहिमेची नैतिक चौकट कशी उभारावी

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत पात्रांच्या भूमिका वठवण्याचा खेळ खेळणाऱ्या बहुतेक गटांत अलाइनमेंटवरून, म्हणजे पात्राच्या नैतिक कलावरून, एकदा तरी वाद होतो. कोणाचे तरी चोर पात्र देवळाची दानपेटी फोडते, दुसरा खेळाडू ‘तुझ्या पत्रकावर गुड लिहिले आहे ना?’ असे विचारून हटकतो, आणि फासे बाजूला पडून अर्धा तास नीतिशास्त्राची चर्चा रंगते. या वादाचे मूळ खेळाडूंच्या स्वभावात क्वचितच असते. पात्राच्या पत्रकावर ‘लॉफुल गुड’ किंवा ‘केऑटिक न्यूट्रल’ असे दोन शब्द लिहून घेतलेले असतात, पण ते पात्र ज्या जगात वावरते त्या जगाला या शब्दांशी काय देणेघेणे आहे, हे कोणीच ठरवलेले नसते. जग चांगल्या-वाईटाची दखल घेतच नसेल तर ते शब्द शोभेपुरते उरतात. घेत असेल तर ती दखल कोण घेते, केव्हा घेते आणि तिचा परिणाम कोणाला भोगावा लागतो, हे मोहीम म्हणजे सलग चालणारी कथा सुरू होण्याआधी डंजन मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, ठाऊक असले पाहिजे. म्हणून या लेखातला क्रम नेहमीच्या उलट आहे. आधी विश्वरचना ठरवायची, मग लॉ-केऑस आणि गुड-इव्हिल या दोन अक्षांचे अर्थ, मग नियम. पात्रांची पत्रके त्यानंतर.

हा क्रम का, हे समजण्यापुरता इतिहास

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 साली बाजारात आला, तेव्हा त्यात चांगले-वाईट असा वेगळा अक्ष नव्हता. लॉ (सुव्यवस्था), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (अनागोंदी) अशा तीनच बाजू होत्या. त्याआधीच्या, 1971 सालच्या ‘चेनमेल’ या युद्धखेळातही कल्पित सैन्यांची अशीच विभागणी होती, आणि तिच्यामागे पोल अँडरसन व मायकेल मूरकॉक यांच्या कथा-कादंबऱ्यांतली, सुव्यवस्था आणि अनागोंदी या दोन विश्वव्यापी शक्तींच्या संघर्षाची कल्पना होती. म्हणजे आरंभी अलाइनमेंट हे स्वभाववर्णन नव्हतेच. युद्ध पेटले तर आपण कोणाच्या तंबूत उभे राहू, एवढ्याच प्रश्नाचे ते उत्तर होते.

फेब्रुवारी 1976 मध्ये गायगॅक्स यांनी एका लेखात गुड (चांगले) आणि इव्हिल (वाईट) हा दुसरा अक्ष मांडला. 1977 च्या बेसिक संचात पाच अलाइनमेंट आले आणि 1978 च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये दोन अक्षांच्या मेळातून होणारी आजची परिचित नऊ घरे पूर्ण झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की याच काळात विश्वाचा नकाशाही तयार होत होता: जुलै 1977 मध्ये विविध लोकांची म्हणजे परलोकांसारख्या वेगवेगळ्या जगांची (प्लेन्सची) कल्पना एका लेखातून पुढे आली, 1978 च्या त्याच पुस्तकाच्या परिशिष्टात ती छापली गेली, आणि 1987 साली जेफ ग्रब यांच्या ‘मॅन्युअल ऑफ द प्लेन्स’ने तिला सविस्तर रूप दिले. नऊ अलाइनमेंट आणि बाह्य लोकांचे चक्र ही जुळी भावंडे आहेत. पुढे अनेक गटांनी त्यांतले एक ठेवले आणि दुसरे टाकून दिले, आणि अलाइनमेंट निरर्थक आहे अशी तक्रार तेव्हापासून वाढत गेली, असे माझे मत आहे.

पहिली पायरी: मेल्यावर आत्मा कुठे जातो, हे ठरवा

विश्वरचनेची सुरुवात सृष्टीच्या उत्पत्तिकथेपासून करण्याचा मोह होतो. तो टाळावा. खेळाडूंना उत्पत्तीशी कर्तव्य नसते, पण मृत्यूशी असते, कारण त्यांची पात्रे मरतात. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावे: या जगात माणूस मेला की त्याचा आत्मा कुठे जातो, आणि ते कोण ठरवते? या खेळाच्या तीन प्रसिद्ध जगांनी याची तीन वेगवेगळी उत्तरे दिली आहेत, आणि त्या उत्तरांतून त्या जगांची सगळी नीती उलगडते.

ग्रेट व्हील म्हणजे बाह्य लोकांचे चक्र या मूळ रचनेत आत्मा आपल्या अलाइनमेंटशी जुळणाऱ्या लोकात ओढला जातो आणि तिथे बहुधा पूर्वस्मृती गमावून नव्या रूपात राहतो. इथे न्यायाधीश नाही. जड वस्तू खाली पडावी तितक्या निर्विकारपणे आत्मा आपल्या जागी जातो. फर्गॉटन रेल्म्समध्ये मात्र आत्मे आधी फ्यूग प्लेनवर जमतात. ज्यांनी एखाद्या देवाची मनोभावे उपासना केली, त्यांना त्या देवाचे दूत घेऊन जातात, आणि ज्यांनी कोणालाच मानले नाही किंवा मानून फसवले, त्यांचा निवाडा केलेम्वॉर हा मृत्युदेव करतो. इथे सदाचारापेक्षा निष्ठेला अधिक वजन आहे. तिसरे जग एबेरॉन, कीथ बेकर यांनी रचलेले आणि 2004 साली प्रसिद्ध झालेले. त्यात संत असो वा खुनी, सर्वसाधारण आत्मा डोलुर नावाच्या एकाच उदास लोकात जातो आणि तिथे हळूहळू विरत जातो. मृत्यूनंतर हिशेबच होत नसल्याने तिथला माणूस चांगला वागतो तो केवळ स्वतःच्या निवडीने, आणि धर्मसंस्थेत उच्चपदी बसलेला पुरोहित मनाने दुष्ट असूनही त्याच्या मंत्रांना यश येऊ शकते.

यांपैकी कोणते उत्तर श्रेष्ठ, हा प्रश्न गैरलागू आहे. आपल्या गटाला कोणत्या प्रकारच्या कथा हव्यात, हे पाहावे. संकटात सापडलेल्या सद्गुणाची कथा हवी असेल तर पहिले उत्तर घ्यावे, पंथांचे राजकारण हवे असेल तर दुसरे, आणि हेरगिरी, फसवणूक व संशयाने भरलेली कथा हवी असेल तर तिसरे. उत्तर एका वाक्यात लिहिता आले नाही, तर ते अजून ठरलेले नाही असे समजावे.

दुसरी पायरी: नकाशा आखा, पण सगळा आखू नका

ग्रेट व्हीलचा नकाशा वाचणे सोपे आहे. एका वर्तुळावर सोळा बाह्य लोक बसवलेले असतात. प्रचलित आकृतीत डावीकडे लॉ, उजवीकडे केऑस, वर गुड आणि खाली इव्हिल. डाव्या टोकाला मेकॅनस आहे, एकमेकांत गुंतलेल्या अवाढव्य दंतचक्रांचा आणि मोड्रॉन नावाच्या भौमितिक आकाराच्या प्राण्यांचा लोक. त्याच्या समोर उजव्या टोकाला लिम्बो, जिथे अग्नी, जल, माती आणि वारा सतत एकमेकांत कालवले जातात आणि केवळ मनोबलाच्या जोरावर पायाखाली जमीन तयार करावी लागते. वरच्या डाव्या बाजूला माउंट सेलेस्टिया हा सात पायऱ्यांचा पर्वत, खालच्या डाव्या बाजूला करारमदारांवर चालणारे नऊ नरक, खालच्या उजव्या बाजूला असंख्य थरांचा अबिस, आणि अगदी तळाशी हेडीस, जिथे रंग आणि इच्छा दोन्ही हळूहळू फिके पडत जातात. मध्यभागी आउटलँड्स हा तटस्थ प्रदेश, त्याच्या केंद्रस्थानी एक उत्तुंग सुळका आणि सुळक्याच्या माथ्यावर तरंगणारे, हातातल्या कड्यासारखे वर्तुळाकार सिगिल हे नगर. सिगिलचे तपशीलवार चित्रण 1994 च्या ‘प्लेनस्केप’ या संचात झाले.

सोळा अधिक एक, शिवाय पंचमहाभूतांची आठवण करून देणारे पण चारच तत्त्वांचे आंतरिक लोक, शिवाय अॅस्ट्रल आणि इथिरियल हे जोडमार्ग: एवढा पसारा एका मोहिमेत मावत नाही. व्यवहारात तीन किंवा चार लोक पुरतात. निवडताना एक नियम पाळावा: निवडलेल्या लोकांपैकी निदान दोन असे असावेत की ज्यांचा संघर्ष चांगले विरुद्ध वाईट असा सरळ नसेल. या खेळाच्या पुराणात याचे उत्तम उदाहरण म्हणजे ब्लड वॉर. नऊ नरकांतले डेव्हिल आणि अबिसमधले डीमन दोघेही दुष्ट आहेत, तरीही दुष्टपणा शिस्तीत करायचा की बेबंदपणे, या भेदावरून त्यांचे युद्ध युगानुयुगे चालले आहे. हे युद्ध संपावे अशी प्रार्थना करणाऱ्या पुजाऱ्याला ते संपल्यावर विजेता कोणीकडे वळेल हे कळले, की त्याची झोप उडते. लॉ-केऑसचा अक्ष खरोखर वजनदार आहे हे खेळाडूंना पटवायचे असेल, तर व्याख्यानापेक्षा असा एक प्रसंग अधिक काम करतो.

चक्र नको असेल तर इतर रचनाही सिद्ध आहेत. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने चक्र मोडून जगाच्या वर अॅस्ट्रल सागर आणि खाली तत्त्वांचा कोलाहल अशी मांडणी केली, आणि देव विरुद्ध आदिम महाभूते हा मूळ संघर्ष मानला. त्या आवृत्तीत अलाइनमेंटही नऊवरून पाचवर आले, हा योगायोग नव्हे. नकाशातली घरे गेली तशी पत्रकातली घरेही गेली. एबेरॉनमध्ये तर तेरा लोक नैतिक घरांवर बेतलेलेच नाहीत. युद्ध, मृत्यू, सुव्यवस्था, शांती, अरण्य अशा कल्पना हा त्यांचा पाया आहे, आणि ते ग्रहांसारखे जगाच्या जवळ येतात किंवा दूर जातात. लोक जवळ आला की त्याचा प्रभाव जगावर जाणवतो, म्हणून तिथे पंचांग पाहून मोहिमेचा मुहूर्त ठरवणे हा खेळातला शहाणपणाचा भाग होतो.

तिसरी पायरी: दोन अक्षांचे अर्थ प्रसंगातून लिहा

व्याख्या लिहिण्याने फारसे साधत नाही, कारण ‘लॉ म्हणजे नियम पाळणे’ असे लिहिताच कोणाचे नियम, हा प्रश्न उभा राहतो. अत्याचारी राजाचा कायदा मोडणारे पात्र लॉफुल राहू शकते. त्याने दिलेला शब्द, त्याच्या पंथाची शिस्त किंवा पूर्वजांची रीत हा त्याचा लॉ असतो. तसेच केऑस म्हणजे वेडेपणा नव्हे. वरून लादलेल्या व्यवस्थेपेक्षा त्या क्षणी समोर उभ्या असलेल्या माणसावर आणि स्वतःच्या विवेकावर अधिक विश्वास ठेवणे, हा त्याचा खेळण्याजोगा अर्थ आहे. गुडची कसोटी अशी ठेवावी की परक्यासाठी पात्र स्वतः किती झीज सोसते. इव्हिलची कसोटी क्रौर्याच्या प्रमाणावर ठेवू नये. दुसऱ्याच्या हानीला त्याच्या हिशेबात किंमत आहे की नाही, हे पाहावे.

यापेक्षा उपयोगी मार्ग म्हणजे एकच प्रसंग सगळ्या खेळाडूंपुढे ठेवणे. समजा, गटाने शत्रुसैन्याचा एक टेहळ्या पकडला. खिंडीची गुप्त वाट सांगितलीस तर जिवंत ठेवू, असा शब्द गटाने दिला आणि त्याने वाट सांगितली. आता त्याला सोडले तर तो तासाभरात आपल्या छावणीत पोहोचेल; सोबत घेतले तर वेग मंदावेल; मारले तर शब्द मोडेल. लॉफुल गुड पात्र त्याला बांधून सोबत नेईल आणि वेगाचा तोटा पत्करेल, कारण शब्द आणि जीव दोन्ही राखायचे आहेत. केऑटिक गुड पात्राला त्या टेहळ्यात वेठीला धरलेला शेतकरी दिसू शकतो. ते त्याच्याशी बोलेल, त्याचे घर कुठे आहे ते विचारेल, आणि पटले तर उलट्या वाटेने त्याला सोडूनही देईल. न्यूट्रल इव्हिल पात्राला यात विचार करण्यासारखे काही दिसणारच नाही. सर्वांत शिकण्यासारखे वागणे लॉफुल इव्हिल पात्राचे असते: ‘मी तुला मारणार नाही’ एवढाच शब्द दिला होता, असे म्हणून ते टेहळ्याला लांडग्यांच्या रानात झाडाला बांधून निघून जाईल, आणि त्याच्या दृष्टीने शब्द तंतोतंत पाळला गेलेला असेल. नऊ नरकांतले करार नेमके असेच चालतात. म्हणून हा प्रसंग चर्चेला घेतला की त्या लोकाची ओळखही आपोआप होते.

उरलेल्या घरांत तटस्थतेचा घोळ सर्वांत मोठा आहे. अॅडव्हान्स्ड खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत ट्रू न्यूट्रलचे (दोन्ही अक्षांवर तटस्थ पात्राचे) उदाहरण म्हणून एक ड्रुइड म्हणजे निसर्गपूजक पुरोहित दिला होता, जो नॉल नावाच्या तरसमुखी प्राण्यांच्या दुष्ट टोळीविरुद्ध स्थानिक सरदाराच्या बाजूने लढतो, पण टोळी नष्ट होण्याच्या बेतात आली की समतोल राखण्यासाठी माघार घेतो किंवा बाजू बदलतो. कागदावर हे तात्त्विक वाटते. टेबलावर असा सोबती कोणालाही नको असतो. समतोल ही भूमिका विश्वातल्या एखाद्या शक्तीला किंवा फार तर एखाद्या वृद्ध पंथप्रमुखाला द्यावी. खेळाडूच्या पात्राला न्यूट्रल राहायचे असेल तर ‘आपली माणसे आधी, जगाचे नंतर’ असा साधा, मानवी अर्थ पुरेसा आहे. पशूंना आणि विचारशक्ती नसलेल्या प्राण्यांना अलाइनमेंटच नसावे, आणि पाचव्या आवृत्तीने तशी वेगळी नोंद केली आहे ती योग्यच आहे.

चौथी पायरी: नियमांशी किती जागी सांधा जोडायचा, ते ठरवा

जुन्या आवृत्त्यांत हा सांधा फार घट्ट होता. पहिल्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीत प्रत्येक अलाइनमेंटची स्वतःची बोली होती आणि अलाइनमेंट बदलले तर पात्राची एक पातळी जात असे. पॅलाडिनने म्हणजे धर्मयोद्ध्याने लॉफुल गुडच असले पाहिजे, ही अट तिसऱ्या आवृत्तीपर्यंत टिकली. ‘डिटेक्ट इव्हिल’ या मंत्राने दुष्टपणा सरळ दिसत असे, आणि त्यामुळे खुनाचा तपास लावण्याची कथा रचणाऱ्या डंजन मास्टरची पंचाईत होत असे: सराईत पॅलाडिन मेजवानीच्या दालनात एक नजर फिरवी आणि संशयितांची यादी निम्म्यावर येई. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत त्याच धर्तीचा मंत्र समोरच्याचे अलाइनमेंट न सांगता तो देवदूत, पिशाच, फे (परीकुळातले जीव), अनडेड (मेल्यावरही वावरणारे) अशा कोणत्या जातीचा आहे एवढेच सांगतो, आणि पॅलाडिनला अलाइनमेंटऐवजी त्याने घेतलेली शपथ बांधून ठेवते. हे बदल चांगले आहेत. माणसाचे मन मंत्राने वाचता येऊ नये, पण परलोकातून आलेल्या जीवाला त्याच्या लोकाचा वास असावा, ही विभागणी कथेला पोषक ठरते.

तरी सगळे सांधे तोडले तर विश्व पुन्हा मुके होते. म्हणून दोन-तीन जागी तरी अलाइनमेंटला नियमांचा स्पर्श ठेवावा. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये यासाठी एक चांगला ऐच्छिक नियम आहे: गुड पात्राने खालच्या लोकात किंवा इव्हिल पात्राने वरच्या लोकात दीर्घ विश्रांती घेतली, तर तिच्या शेवटी कॉन्स्टिट्यूशनचा (शारीरिक सोशिकतेचा) 10 कठिणतेचा सेव्हिंग थ्रो म्हणजे बचावाचा फासा टाकावा लागतो आणि तो फसल्यास थकव्याची एक पायरी चढते. लॉ आणि केऑस यांच्या विसंगतीला मात्र हा त्रास लागू नाही, त्यामुळे मेकॅनस किंवा लिम्बोमध्ये तो होत नाही. या नियमाचे सौंदर्य असे की यात शिक्षा नाही. पात्राने काही चूक केली म्हणून हे घडत नाही. विश्वाची हवाच त्याला मानवत नाही, आणि नरकात महिनाभर सुखाने झोपणारा सोबती पाहून इतरांच्या मनात जो प्रश्न उठतो, तो डंजन मास्टरला तोंडाने विचारावा लागत नाही.

दुसरा सांधा पवित्र वस्तू आणि स्थळे यांच्याशी जोडावा: एखादी तलवार, एखादे कुंड, एखादे दार जे विशिष्ट वृत्तीच्या माणसालाच उघडते. तिसरा सांधा म्हणजे पुढची पायरी, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातला खरा आनंद तिथे आहे.

पाचवी पायरी: विश्व हलते ठेवा

‘प्लेनस्केप’ची सर्वांत मोलाची देणगी ही की तिथे श्रद्धा आणि आचरण यांनी भूगोल बदलतो. आउटलँड्सच्या परिघावर सोळा द्वारनगरे आहेत, प्रत्येकात एकेका बाह्य लोकाचा दरवाजा. नगरातल्या माणसांचे वागणे शेजारच्या लोकासारखे होत गेले आणि एका मर्यादेपलीकडे गेले, की संपूर्ण नगर दरवाजातून त्या लोकात सरकते आणि रिकाम्या जागी दरवाजाभोवती नवे नगर वसू लागते. हेच मोठ्या प्रमाणावर आर्केडिया या लोकाचे झाले. हार्मोनियम नावाच्या कडव्या शिस्तप्रिय पंथाने तिथे मतपरिवर्तनाच्या छावण्या चालवल्या. हेतू जगात सलोखा आणण्याचा होता, पण माणसांवर बळजबरी करता करता त्यातला चांगुलपणा आटला आणि आर्केडियाचा तिसरा थर मेकॅनसला जाऊन मिळाला. चांगल्या हेतूने केलेली जबरदस्ती कुठे नेते, हे सांगायला इथे कोणा देवाची वाणी लागली नाही, नकाशा बदलला.

आपल्या मोहिमेत हे असे उतरवावे. दरवाजाजवळचे एक गाव घ्या. समजा, ते नऊ नरकांच्या दारापाशी वसलेले जकातनाक्याचे गाव आहे. वहीत त्या गावाच्या नावापुढे शून्य ते सहा अशी मोजणी ठेवा आणि प्रत्येक आकड्याला डोळ्यांना दिसेल असे एक लक्षण जोडा. एकवर बाजारात तोंडी व्यवहार बंद होऊन प्रत्येक गोष्टीला साक्षीदार मागितले जातात. दोनवर उसनवारी थांबते. तीनवर शेजारी शेजाऱ्याची चुगली करतो आणि त्याबद्दल त्याला जकातीत सूट मिळते. चारवर करारनामे लिहून देणारे सभ्य, मृदुभाषी परके गावात दुकाने थाटतात, आणि ते कोण आहेत हे कळूनही कोणी त्यांना हाकलत नाही. पाचवर रात्री क्षितिज लाल दिसू लागते. सहावर एका सकाळी गटाला त्या जागी केवळ उजाड माळ सापडतो. गाव नऊ नरकांच्या पहिल्या थरात, अॅव्हर्नसमध्ये गेलेले असते, आणि त्यातली ओळखीची माणसेही.

मोजणी वर-खाली करणारी मुख्य गोष्ट खेळाडूंची कृत्ये असावीत, पण त्यांच्या हेतूंना तिथे जागा नसावी. गटाने दरोडेखोरांचा बंदोबस्त केला आणि चौकशीविना त्यांना वेशीवर फाशी दिली, तर गाव सुरक्षित होते आणि आकडा एकाने वाढतो. गटाने एखाद्या विधवेचे कर्ज स्वतः फेडले तर तो घटतो. कर्जखत जाळून टाकले तरीही घटतो, पण त्याच वेळी सावकारांचा विश्वास उडून गावाचा धान्यपुरवठा अडतो, म्हणजे चांगुलपणाचे बिल दुसऱ्या खात्यात येते. आकडा खेळाडूंना कधीही सांगू नये. लक्षणे मात्र न चुकता दाखवावीत. दोन-तीन भेटींत त्यांना संबंध उमगतो, आणि त्यानंतर दानपेटी फोडणाऱ्या चोराशी कोणी वाद घालत नाही, कारण परिणाम काय होईल याचा अंदाज चोरालाही आलेला असतो.

सहावी पायरी: राक्षस कोण, हे स्पष्ट करा

परलोकात घडलेले जीव आणि मर्त्य समाज यांत भेद करावा. डेव्हिल किंवा डीमन हा त्याच्या लोकाच्या द्रव्याचाच बनलेला असतो. त्याचा दुष्टपणा हा त्याच्या देहाचा भाग आहे, आणि असा जीव बदलला तर ती विश्वातली मोठी घटना ठरते. उलट दिशेने झेरिएलची कथा आहे: ती देवदूत होती, ब्लड वॉरमध्ये उतरली, आणि अखेर अॅव्हर्नसची अधिपती होऊन बसली. ऑर्क किंवा गॉब्लिन मात्र मुले वाढवणारे, शेती किंवा लूटमार करणारे मर्त्य आहेत. त्यांच्या नोंदीतले अलाइनमेंट फार तर त्या टोळीच्या रीतीचे वर्णन मानावे.

मराठी वाचकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. या खेळाच्या 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ‘राक्षस’ नावाचा एक प्राणी आहे, वाघाच्या डोक्याचा, मायावी, आणि अलाइनमेंट सरळ लॉफुल इव्हिल. आपल्याकडे मात्र विभीषण त्याच कुळात जन्मला, आणि पाताळात धाडलेल्या असुर बळीराजाचे राज्य पुन्हा यावे, असे शेतकऱ्याचे मागणे आजही दिवाळीत ओठांवर येते. जन्माने असुर आणि वृत्तीने लॉफुल गुड असा राजा, आणि त्याला बळाने नव्हे तर त्याच्याच दिलेल्या शब्दाने बांधून खाली नेणारा देव: लॉ आणि गुड या दोन अक्षांची इतकी सुंदर फारकत परदेशी पुस्तकांत शोधायला जाण्याचे कारण नाही. मात्र आपली दैवते खेळात आणताना गटातल्या प्रत्येकाला ते रुचते का, हे आधी विचारावे. 1980 च्या ‘डेइटीज अँड डेमीगॉड्स’मध्ये इंद्र, अग्नी आणि काली यांना चक्क लढाईचे आकडे दिलेले आहेत, आणि ती पाने वाचताना आजही थोडे अवघडल्यासारखे होते. नाव बदलून कथेचा सांगाडा वापरणे बहुधा अधिक सुरक्षित आणि अधिक सर्जनशीलही ठरते.

सातवी पायरी: आता पत्रके भरून घ्या

इथवर आल्यावर पहिल्या सत्राआधीची बैठक घ्यावी. खेळाडूंना मृत्यूचे एका वाक्यातले उत्तर, निवडलेले तीन-चार लोक आणि टेहळ्याचा प्रसंग द्यावा. प्रत्येकाने आपले पात्र त्या प्रसंगी काय करील हे सांगावे, आणि त्यावरून अलाइनमेंट कोणते ते सर्वांनी मिळून ठरवावे. दोन शब्द निवडून मग त्यांना शोभेल असे वागणे बेतण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

ज्यांना ते दोन शब्द तरीही अडचणीचे वाटतात, त्यांच्यासाठी पर्याय आहे. पाथफाइंडर या खेळाने 2023 च्या सुधारित आवृत्तीत अलाइनमेंट काढूनच टाकले. त्या जागी पात्राने काय करावे आणि काय कदापि करू नये, अशी विधिनिषेधांची जोडी महत्त्वाची झाली. ही पद्धत अलाइनमेंटच्या सोबतही वापरता येते. ‘आश्रयाला आलेल्याला परत पाठवणार नाही’ असे एक वाक्य ‘न्यूट्रल गुड’पेक्षा खेळायला कितीतरी सोपे असते, आणि डंजन मास्टरलाही दारात कोणाला उभे करायचे ते लगेच कळते.

‘माझे पात्र असेच वागेल’ या ढालीचा बंदोबस्तही याच बैठकीत करावा. केऑटिक न्यूट्रल लिहून सोबत्यांच्या खिशात हात घालणाऱ्या खेळाडूला स्पष्ट सांगावे की पात्र त्याने निवडले आहे, तेव्हा गटाबरोबर टिकेल असे पात्र निवडण्याची जबाबदारीही त्याचीच. इव्हिल पात्राला मनाई करण्याची गरज नाही. त्याने गटाशी का बांधून राहावे, याचे कारण मात्र त्या खेळाडूने लिहून द्यावे, आणि ते कारण पैशापेक्षा भक्कम असावे.

अलाइनमेंट बदलण्याची वेळ आली, तर निकाल जाहीर करू नये. ‘गेल्या काही सत्रांत तुझ्या पात्राने तीनदा शब्द मोडला, त्याला स्वतःला त्याबद्दल काय वाटते?’ असे सत्र संपल्यावर, इतरांच्या माघारी विचारावे. खेळाडूने पश्चात्ताप सांगितला तर जुनेच अलाइनमेंट राहू द्यावे आणि पुढच्या सत्रात त्या पश्चात्तापाची परीक्षा पाहणारा प्रसंग आणावा. त्याने खांदे उडवले तर पत्रकावरचा शब्द त्याच्याच हाताने बदलून घ्यावा, आणि वहीतल्या जकातनाक्याच्या गावापुढचा आकडाही त्याच वेळी तपासून घ्यावा.